जाड की बारीक?

रिमोट चालेनासा झाला की माणूस आधी काय करतो? बटण जोरात दाबतो. मीही दाबलं, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. रिमोटमधून निघतो तो इन्फ्रारेड प्रकाश. सेल दमले असतील तर माझ्या अंगठ्याच्या ताकदीने तो वाढत नाही, हे मला कळतं. तरी दाबलं. मग हात लांब केला. सोफ्यापासून टीव्ही सात फूट, त्यातले दोन असे वाचवले. शेवटी उठून सेट टॉप बॉक्ससमोर उकिडवा बसलो आणि सहा इंचांवरून चॅनल बदलला. बॉक्सवरचं बटण त्याहून जवळ होतं. पण ते दाबायचं म्हणजे हार मानायची.

"अरे, थोपट त्याला," आई म्हणाली. तिची मालिका आठला लागते.

थोपटला. मग रबरबँड काढून (झाकण २०१९ साली हरवलं) सेल जागच्या जागी गोल फिरवले. हा उपाय मात्र खराच लागू पडतो. टोकांवर धरलेला थर खरवडला जातो आणि आणखी चार दिवस निघतात. त्या चार दिवसांत नवे सेल आणता येतात. पण चालू रिमोटला सेल कोण आणतो?

चिरंजीवांनी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या नाकासमोर धरला. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो. बटण दाबलं की पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकायचा. हे पाहण्यात आमची वीस मिनिटं गेली. घरातले सगळे रिमोट तपासून झाले. मालिका संपली. आई काही बोलली नाही, फक्त वाती वळत बसली.

मग मला घड्याळ दिसलं. आमच्या त्या बॉक्सच्या रिमोटला आणि भिंतीवरच्या घड्याळाला एकाच मापाचा जाड पेन्सिल सेल लागतो. घड्याळाचं खाणं मुंगीचं. रिमोटमधून निवृत्त झालेला सेलही त्याला महिनोन्महिने पुरतो, असा माझा अनुभव. केली अदलाबदल. रिमोट चालला. मी घरात ज्या चालीने हिंडलो, त्या चालीने लोक निवडणूक जिंकल्यावर हिंडतात.

हे घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. ते सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांनाही सांगून ठेवलंय, त्यामुळे सगळे दहा मिनिटं वजा करतात. मग ठेवलंय कशाला पुढे? उशीर होऊ नये म्हणून.

सकाळी बायको म्हणाली, "अहो, आवरलं का?"

"अगं, आत्ताशी सात वीस. म्हणजे सात दहाच."

पुढच्या चहालाही सात वीसच होते. वर पाहिलं तर सेकंदकाटा आठ आणि नऊच्या मध्ये जागच्या जागी उड्या मारत होता. सहापासून काट्याला चढ लागतो, आणि नवापाशी तो आडवा झाला की त्याचं वजन सगळ्यात जास्त जाणवतं. दमलेल्या सेलचं घड्याळ बहुधा तिथेच धापा टाकतं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात माझंही असंच होतं. लोकल अर्थातच गेली. एवढा वेळ माझ्या हातात मोबाइल होता. त्यावर बरोबर वेळ होती, आणि मी त्यावर 'वेळेचं महत्त्व' नावाचा फॉरवर्ड वाचत होतो.

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "जाड की बारीक?"

आता, कालपासून मी ते सेल चोळले, थोपटले, फिरवले होते. तरी ऐन वेळी डोक्यात काही येईना. घरी फोन लावला. आई म्हणाली, "आपले नेहमीचे असतात ना, तेच आण."

नेहमीचे आणले. बारीक निघाले. परत जाऊन बदलून घेणं जिवावर आलं, म्हणून एसीच्या रिमोटला नवे सेल मिळाले. डिसेंबरात.

"माझ्या माहेरी रेडिओचे सेल उन्हात ठेवायचे," आई म्हणाली. "कुरडयांशेजारी. ऊब मिळाली की पुन्हा चार बातम्या ऐकवायचे."

हे लिहितोय तेव्हा गॅलरीत तुळशीशेजारी दोन जाड सेल वाळत पडलेत. कावळ्याने उचलू नयेत म्हणून आईने त्यांच्यावर स्टीलची वाटी उपडी घातलीय.