खोट्या हुंड्या, खरा अराजकवाद : शिन चे-हो यांच्याविषयी

शिन चे-हो हे जपानी राजवटीविरुद्ध लढलेले कोरियन इतिहासलेखक आणि अराजकवादी, म्हणजे माणसावर कोणतीच राज्यसत्ता नको असं मानणारे. त्यांच्याविषयी तुमचे आक्षेप तीन : खोट्या हुंड्या वटवणारा स्वातंत्र्यसैनिक कसा, प्राचीन कोरियाचं गुणगान करणारा अराजकवादी कसा, आणि सरकारनेच डोक्यावर घेतलेल्या माणसाला बंडखोर का म्हणायचं.

इतिहासलेखनाबद्दल तुमचं बरोबर आहे. प्राचीन कोरियाची हद्द त्यांनी मांचुरियात, म्हणजे आजच्या ईशान्य चीनमध्ये, फार लांबवर नेली. आजचे बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत.

पण अराजकवाद हा त्यांना मागाहून चिकटवलेला शिक्का नाही. जानेवारी 1923 मध्ये उइयोल्दान या सशस्त्र गटासाठी त्यांनी लिहिलेला 'कोरियन क्रांतीचा जाहीरनामा' नीट वाचा. मोडून काढायच्या पाच गोष्टी त्यात आहेत : परकी सत्ता, विशेषाधिकारी वर्ग, आर्थिक लूट, सामाजिक विषमता आणि गुलामीची संस्कृती. जपानी गेले आणि कोरियन सरंजामदार बसले, एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नव्हतं. बड्या राष्ट्रांकडे अर्ज करून स्वातंत्र्य मिळेल, हा मार्गही तिथे साफ नाकारला आहे. 1925 च्या एका लेखात त्यांनी तरुणांना रशियन अराजकवादी विचारवंत क्रोपोत्किन वाचायला सांगितलं आणि त्याच लेखात बजावलं, की बुद्ध आला की आपण कोरियाचा बुद्ध घडवत नाही, बुद्धाचा कोरिया करून टाकतो. म्हणजे बाहेरचा विचार घ्यायचा, पण आपला करून. तुम्हाला दिसलेली विसंगती त्यांनी स्वतःच अशी हाताळली होती.

आता हुंड्या. बीजिंगच्या टपाल खात्यात काम करणारे तैवानी साथीदार लिन पिंग-वन यांच्या मदतीने सुमारे 200 परदेशी हुंड्या बनावट छापल्या गेल्या. येणारा पैसा प्रचारपत्र आणि बाँबनिर्मितीसाठी होता. या बेतातला कच्चा दुवा वटवण्यात होता : हुंडी घेऊन माणसाला जपानच्या ताब्यातल्या कचेरीत स्वतः उभं राहावं लागे. मे 1928 मध्ये शिन खोट्या नावाने तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानच्या कीलुंग बंदरात उतरले आणि पकडले गेले. देश परत मिळवण्यासाठी केलेली कृती फसवणूक ठरत नाही, हीच भूमिका त्यांनी न्यायालयात मांडली. 1930 मध्ये ईशान्य चीनमधल्या, तेव्हा जपानच्या ताब्यातल्या दालियनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. 21 फेब्रुवारी 1936 रोजी जवळच्याच ल्युशुनच्या तुरुंगात मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला.

सरकारी गौरवाचं म्हणाल, तर 1962 मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारकडून पदक मिळालं हे खरं. पण जपानी राजवटीच्या कुटुंबनोंदणीत नाव घालायला त्यांनी नकार दिला होता. त्यामुळे गावी अस्थी पुरायला रीतसर परवाना मिळेना, आणि स्वतंत्र कोरियाच्या दप्तरात नागरिक म्हणून त्यांची नोंद व्हायला 2009 साल उजाडलं.