साडूभाऊंचा खजिना

खोटं नाणं ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. ज्याने ते विकत घेतलंय त्याला तसं सांगायला मात्र वाघाचं काळीज लागतं. त्यातून तो साडू असेल, तर बायकोही आपल्या बाजूने उभी राहत नाही.

आमचे साडूभाऊ राहतात इंदूरच्या स्नेहलतागंजात. जुन्या नाण्यांचा नाद मला, पण घाऊक खरेदी त्यांची. मी एकेका होळकरी पैशाभोवती महिनोन्‌महिने घुटमळतो. हे रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर 'दुर्मिळ', 'अतिदुर्मिळ' असं टिपत सुटतात आणि रविवारी ऐन पोह्यांच्या वेळेला पिशवी घेऊन हजर. "जरा नजर टाका हो!" नजर टाका म्हणजे कौतुक करा.

गेल्या खेपेस पिशवीतून पहिला निघाला कंपनी सरकारचा अर्धा आणा. साल १८१८, मागे अख्खा रामदरबार, हनुमानासकट. हा माल देवळाबाहेर विकतात त्या नाण्यासारख्या टोकनांचा. असला अर्धा आणा कंपनीने कधी पाडलाच नाही. आणि १८१८ म्हणजे काय, तर त्याच जानेवारीत मंदसौरला कंपनीने होळकरांकडून तह लिहून घेतला. त्या गडबडीत यांना रामराया कुठून आठवणार?

"तहात हरलेल्यांची समजूत काढायला दिला असेल," साडूभाऊ म्हणाले. या माणसाने वकिली करायला हवी होती.

दुसरं अहिल्याबाईंचं. इंदूरच्या माणसाला बाईंच्या नावावर काहीही विकता येतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक. महेश्वरच्या टाकसाळीतल्या खऱ्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान असतं, मजकूर फारसी, आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाहआलमचं. ठसा नाण्याहून मोठा आणि हातोड्याचा घाव, त्यामुळे बरीचशी अक्षरं नाण्याबाहेरच राहून जायची. साडूभाऊंच्या नाण्यावर साक्षात बाई बसलेल्या, खाली स्वच्छ देवनागरी, आणि आकार वाटीने कापलेल्या पुरीसारखा गोल. मी शाहआलमचं नाव काढताच आमची मेहुणी म्हणाली, "बाईंच्या नाण्यावर दुसऱ्याचं नाव? काहीतरीच तुमचं!" मी पोहे खाल्ले.

तिसरा मात्र चांदीचा रुपया, राणी छाप, १८६२. विकणाऱ्याचा निरोपही दाखवला: "भिया, दादाजी की संदूक से निकला है." हे दादाजी कोण आहेत, कळत नाही. निम्म्या माळव्याचा माल यांच्याच संदुकीतून निघतो.

"चुंबक लावून बघितलंय, चिकटत नाही!" साडूभाऊ विजयी मुद्रेने म्हणाले. चुंबकाला पितळही चिकटत नाही, पण हे तोंडी सांगून पटण्यातलं नव्हतं. मी खिशातला बारीक वजनकाटा काढला. राणीचा खरा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. (सराफ्यात हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तो भाग वेगळा.) हा भरला ११.४०. "झिजलाय," साडूभाऊ. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि रुपया दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, आत सोडला. राणीच्या नाकाला हवेचा बुडबुडा चिकटला होता, तो सुईने फोडला. काटा १.३५ वर थांबला, म्हणजे रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.४० ला १.३५ ने भागलं की रुपया पाण्याच्या किती पट जड ते कळतं. आले साडेआठच्या आत, ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला दहाच्या वर यायला हवं होतं. वरून चांदीचं पाणी, आत पितळ.

मग मी कड बघितली. या लोकांच्या फोटोत राजाराणीचं तोंड दिसतं, मागची वेलबुट्टी दिसते, कड कधी दिसत नाही. कडेचा फोटो मागा; विकणारा एकतर गप्प होतो किंवा त्याच्या घरात कोणीतरी आजारी पडतं. इथे कडेच्या खाचांवरून एक बारीक रेघ फिरली होती, दोन अर्धे साचे जोडल्याची. टाकसाळीत नाणं ठशाने पाडतात, साच्यात ओतत नाहीत. भिंग साडूभाऊंच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ बघून ते मेहुणीकडे दिलं, मेहुणीने आमच्या बायकोकडे, आणि बायकोने माझ्याकडे असं बघितलं की रेघ मीच मारली असावी.

मला वाईट याचं वाटलं की १८६२ हे साल टाकसाळीने रुपयावर पुढे दहाएक वर्षं तसंच चालू ठेवलं होतं. तो रुपया ढिगाने मिळतो. खोटं करायचंच, तर निदान दुर्मिळ तरी करावं!

चहा झाल्यावर साडूभाऊंनी आवाज खाली आणला. त्यांच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, २०१२ चं, आणि एका पार्टीने त्याचे लाखो देऊ केलेत. आधी फक्त थोडी कराची रक्कम भरायची, तीही थेट रिझर्व्ह बँकेच्या साहेबांकडे. अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण कुणाला पैसे मागायला नेमलेलं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, हे मी सांगितलं.

"ते ठीक आहे हो," त्यांनी मोबाइल पुढे केला, "पण साहेबांचं ओळखपत्र आलंय. त्याची कड बघून सांगता का?"