बॅटरी बदलून का दिली नाही : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी पूर्ण वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे : आमच्याकडून घेतलेली मोटारसायकलची बॅटरी सहा महिन्यांतच बसली, गाडी फारशी वापरात नसूनही आपण दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवत होता, शेजाऱ्यांच्या कारच्या चार्जरवरही ती एकदा रात्रभर लावून पाहिली, तरीही वॉरंटीत नवी बॅटरी न देता आम्ही जुनीच दोन दिवस ठेवून घेऊन, चार्ज करून परत केली आणि वर आपल्याला चार्जर घ्यायला सुचवले. गाडी चालवलीच नाही आणि बॅटरी गेली, त्या अर्थी माल सदोष असला पाहिजे, असा आपला निष्कर्ष आहे. तो बरोबर का नाही हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नवी बॅटरी बसवून दिली असती, तरी गाडी अशीच उभी राहिल्यास तिचीही काही महिन्यांत हीच गत झाली असती.

आपली बॅटरी आमच्याकडे आली तेव्हा मल्टीमीटरवर ११.६ व्होल्ट दिसत होते. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ ते १२.८ दाखवते, १२.४ च्या आसपास ती साधारण तीन चतुर्थांश भरलेली असते आणि १२ च्या खाली गेली की तिच्यात फारसे काही उरलेले नसते. ही बॅटरी ९ ॲम्पिअर-अवरची असल्यामुळे आम्ही ती ०.९ ॲम्पिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, सावकाश चार्ज केली, नंतर रात्रभर तशीच राहू दिली आणि मग मोजली. चार्जर काढल्या काढल्या घेतलेले रीडिंग नेहमीच फुगलेले असते; त्यावर विसंबून बॅटरी चांगली किंवा वाईट ठरवणे मला मान्य नाही. दोन दिवस लागले ते एवढ्यासाठीच. त्यानंतर ती १२.५ व्होल्टवर स्थिरावली. बॅटरीतल्या सहा सेलपैकी, म्हणजे वीज साठवणाऱ्या कप्प्यांपैकी, एखादा शॉर्ट झालेला असता, तर तेवढे २.१ व्होल्ट कमी पडून बॅटरी १०.५ च्या पुढे फारशी सरकलीच नसती, आणि तसे आढळले असते तर मी स्वतः ती वॉरंटीत पाठवली असती. लोड टेस्टला, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून मोजल्यावर, मात्र व्होल्टेज ९ च्या खाली आले. याचा अर्थ सेल शाबूत आहेत, पण प्लेट्सची ताकद घटली आहे, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे झालेले हे नुकसान वॉरंटी कार्डावरील अटींत बसत नाही.

हे नुकसान होते कसे, तेही सांगतो. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेट्सवर लेड सल्फेट तयार होते आणि चार्ज होताना ते पुन्हा निघून जाते. हे तिचे नित्याचेच काम आहे. पण उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की या सल्फेटचे स्फटिक मोठे व टणक होत जातात, मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. रोज धावणाऱ्या गाड्यांपेक्षा आच्छादनाखाली जपून ठेवलेल्या गाड्यांच्याच बॅटऱ्या अकाली गेलेल्या मी अधिक पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मालकाला त्याचे वाईट वाटते, कारण त्याने गाडी खरोखरच जपलेली असते.

आपण गाडी घेऊन आलात तेव्हा निगेटिव्ह केबल काढून, केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावून आपल्यासमोरच मोजले होते. इग्निशन बंद, किल्ली आपल्या हातात, आणि तरीही ५ मिलिॲम्पिअर वाहत होते : अलार्म आणि घड्याळ. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो चोवीस तास चालू असतो. दिवसाला ०.१२, आठवड्याला सुमारे ०.८४ आणि महिन्याला ३.६ ॲम्पिअर-अवर, म्हणजे गाडी जागची न हलता बॅटरीतला चाळीस टक्के चार्ज महिन्याभरात संपतो. शिवाय कोणतीही बॅटरी काहीही न जोडता स्वतःहूनही थोडी उतरत असते, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की तो वेग साधारण दुप्पट होतो.

यापुढे रविवारच्या पाच मिनिटांचा हिशेब मांडून पाहावा. इंजिन जागेवर मंद चालते तेव्हा अल्टरनेटर फार कमी वीज देतो आणि तीतली बरीचशी हेडलाइट व इग्निशनच खाऊन टाकतात. उरलेला १ ॲम्पिअर बॅटरीत गेला असे उदारपणे धरले, तरी पाच मिनिटांत जेमतेम ०.०८ ॲम्पिअर-अवर भरले जाते. आठवडाभरात गेलेले असते त्याच्या दहापट, आणि सेल्फ मारताना काही सेकंदांत खर्ची पडते ते वेगळेच. गळक्या माठात आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी ओतावे, तसे हे आहे. इंजिन पुरते तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचते, हा तोटा निराळा. गाडी सुरू करायचीच असेल तर ती अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी. ते शक्य नसेल तर सुरूच करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

कारच्या चार्जरबद्दल एक विनंती : तो पुन्हा लावू नये. तो एवढ्या लहान बॅटरीसाठी फार जास्त ॲम्पिअर देऊ शकतो, आणि साधा जुना चार्जर असेल तर बॅटरी भरल्यावर स्वतःहून थांबतही नाही. सीलबंद बॅटरी जास्त चार्ज झाली की आतल्या पाण्याचा वायू होऊन तो व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि ते पाणी परत भरता येत नाही.

चार्जर आम्ही सुचवला हे खरे आहे, पण तो आमच्याकडूनच घ्यावा असे नाही. बॅटरी भरली की व्होल्टेज आपोआप १३.५ च्या आसपास उतरवून धरणारा, लहान ॲम्पिअरचा, लेड-ॲसिडसाठी असलेला कोणताही मेंटेनर चालेल. लिथियमसाठीचा चार्जर मात्र या बॅटरीला लावू नये. आणि काहीच विकत घ्यायचे नसेल, तर गाडी ठेवून देताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे. अलार्म बंद राहील, घड्याळ पुन्हा लावावे लागेल, पण ५ मिलिॲम्पिअरची ती गळती तिथेच थांबेल. तरीसुद्धा महिन्या-दीड महिन्याने व्होल्टेज पाहावे आणि १२.५ च्या खाली आले असेल तर लगेच चार्ज करावे; सेल्फ अडखळू लागेपर्यंत वाट पाहिली की उशीर झालेला असतो.

आपली बॅटरी आज गाडी सुरू करील, पण थंडीत किंवा काही आठवडे उभी राहिल्यावर ती दगा देण्याची शक्यता आहे, हे मी लपवू इच्छित नाही. आपली तयारी असेल तर ती पुन्हा घेऊन यावी. सावकाश चार्ज करून लोड टेस्ट आपल्यासमोर करू, त्याचे पैसे घेणार नाही, आणि त्यात एखाद्या सेलचा दोष दिसला तर वॉरंटीचा अर्ज मी स्वतः भरून पाठवीन. येताना मात्र बॅटरी सुटी न आणता गाडीसकट आणावी, कारण अलार्म आणि घड्याळ यांपैकी कोण किती वीज घेते हे एकेक फ्यूज काढूनच कळेल, आणि ते कळल्याशिवाय पुढची बॅटरी टिकेल असे मी आपल्याला सांगू शकणार नाही.