वहीचा कागद आणि शाई जपून निवडा

आयुष्यातल्या वियोगांची आणि टप्प्यांची चित्रवही, म्हणजे चित्रं आणि शेजारी चार ओळी अशी वही, ठेवावी, हे एका लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. मात्र त्यातलं 'कुठलीही वही, कुठलंही पेन चालेल' हे पटलं नाही. ही वही पन्नास वर्षांनी कुणीतरी उघडणार आहे.

साध्या वहीचा 70-80 जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद जलरंगाने फुगतो, पाठीमागे रंग उमटतो. 300 जीएसएमचा, आम्लविरहित कागद घ्या. सुती असेल तर उत्तमच. शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची), जलरोधक हवी. डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई उजेडाने फिकी पडते आणि ओला कुंचला फिरला की अक्षरं विरघळतात. जलरोधक शाईसुद्धा दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यावी, मगच रंग. रंगाच्या ट्यूबवरची, उजेडात रंग किती टिकतो ते सांगणारी खूण बघा. अलिझरिन क्रिमझन नावाचा लाल रंग लवकर उडतो. जुने फोटो चिकटपट्टीने लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून डाग धरतो. फोटोची टोकं अडकवायचे कागदी कोपरे वापरा.

गेलेल्या माणसाचा चेहरा पहिल्याच पानावर काढायला जाऊ नये. साम्य चुकलं की हात थांबतो आणि वही तिथेच बंद होते, फार वाईट वाटतं ते. आधी चष्मा, चपला, कानाशी तुटलेला कप काढा. शेजारी चार-पाच ओळी: तारीख, वस्तू कुठे असायची, कोण वापरायचं. 'खूप आठवण येते' यापेक्षा 'चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली' हे जास्त सांगतं. समोरचं पान कोरं सोडा. वर्षभराने तिथे लिहायला काहीतरी सुचतंच.