सुवाला एक दिवस कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जपानची पहिलीच सहल, व्हिसा-तिकिटांवर लाखो रुपये गेलेले, आणि मी लोकांना क्योतोचा एक दिवस कापून नागानो प्रांतातल्या सुवासारख्या कुणी नावही न ऐकलेल्या गावी घड्याळं बघायला पाठवतोय. तळं बघायचं तर तोक्योजवळचं हाकोने आहे, घड्याळं बघायची तर तोक्योतच सीकोचं संग्रहालय आहे. शिवाय घड्याळांचा नाद पैसेवाल्यांचा, आणि बरोबरच्या बायको-मुलांनी, आईवडिलांनी तिथे दिवसभर करायचं काय?

पैशांचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच मला सर्वात जास्त लागला. घड्याळाचा नाद म्हणजे लाखांची स्विस घड्याळं, हे चित्र जाहिरातींनी उभं केलंय. मला भेटलेले मराठी घड्याळवेडे वेगळेच आहेत. कुणी वडिलांची एचएमटी जनता रोज सकाळी चावी देऊन चालती ठेवतो. कुणी चोरबाजारातून जुनी सीको ५ उचलतो आणि रविवारी टेबलावर उघडून बसतो. तुमच्या घरात साठच्या दशकातली सीको असेल, तर सहाच्या आकड्याजवळ तबकडीवर भिंग धरा. त्या काळच्या बऱ्याच घड्याळांवर तिथे एक बारीक खूण असते. भोवऱ्यासारखी वळलेली असेल तर ते घड्याळ सुवात बनलंय. सीकोचा दुसरा कारखाना तोक्योत कामेइदोला होता, त्याची खूण वेगळी. एकाच कंपनीचे हे दोन कारखाने एकमेकांशी ईर्ष्येने स्पर्धा करत. सुवाने १९६० मध्ये ग्रँड सीको काढलं, तर पुढच्याच वर्षी कामेइदोने किंग सीको. ज्याच्या खणात असं एखादं घड्याळ पडलंय त्याच्यासाठी सुवा हे आडगाव नाही.

तोक्योतल्या गिन्झाचं सीको संग्रहालय उत्तमच आहे, जरूर बघा. पण तिथे घड्याळ काचेमागे दिसतं. ते याच डोंगरात, याच तळ्याकाठी का जन्मलं, हे तिथे कळत नाही. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

सुवाच्या तळ्याकाठी आधी रेशीम होतं. शेजारचं ओकाया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या रेशीम निर्यातीचं मोठं केंद्र होतं. डोंगरापलीकडच्या हिदा भागातून तरुण मुली नोमुगी खिंड पायी ओलांडून इथल्या गिरण्यांत सूत काढायला येत. १९२९च्या जागतिक मंदीने हा धंदा मोडला, पुढे नायलॉनने उरलंसुरलं संपवलं. मागे राहिल्या रिकाम्या गिरण्या, आणि बारीक कामाला सरावलेले हात. १९४२ मध्ये हिसाओ यामाझाकी या इथल्याच घड्याळ दुकानदाराने मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा) साठवायच्या एका जुन्या कोठारात दाइवा कोग्यो हा छोटा कारखाना काढला. युद्धात सीकोच्या घड्याळांचं कामही तोक्योतून इकडे आलं. १९५९ मध्ये दोन्ही मिळून सुवा सेइकोशा झाली. याच कारखान्याने जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ, सीको क्वार्ट्झ अॅस्ट्रॉन, बनवलं. ते २५ डिसेंबर १९६९ रोजी तोक्योत विक्रीला आलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीएवढी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झने स्विस घड्याळधंद्याचा पाया हलवला.

घड्याळांशी काही देणंघेणं नसलेल्यांनाही ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकसाठी याच मंडळींनी वेळ मोजून कागदावर छापणारं यंत्र केलं. त्यातून १९६८ मध्ये ईपी-१०१ हा छोटा प्रिंटर निघाला, आणि त्या ईपीवरून एप्सन हे नाव पडलं. मुलांचे शाळेचे प्रकल्प ज्या प्रिंटरवर छापले जातात, त्याचं कूळ इथलं आहे. एप्सनचं मुख्यालय आजही सुवातच आहे. त्यांचं संग्रहालय तिथेच आहे, फक्त आधी नोंदणी करावी लागते.

आता ज्या जागेसाठी मी दिवस राखायला सांगतो ती. शिमोसुवा हे कामिसुवा या सुवाच्या मुख्य स्टेशनच्या पुढचंच स्टेशन. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर, सुवा ताइशा या प्राचीन देवस्थानाच्या अकिमिया मंदिराजवळ, गिशोदो नावाची घड्याळ कार्यशाळा आहे. अंगणात अकराव्या शतकातल्या चिनी पंडित सू सोंगच्या जलघड्याळाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे, जवळजवळ बारा मीटर उंच आणि चालती. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत. भोकातून पाणी शिरून ते बुडालं की घटका भरली. सू सोंगने पाण्याच्या त्याच सावकाश भरण्याला चाक जोडलं. चाकाच्या परिघावर पळ्या आहेत. एक पळी भरली की तिच्या वजनाने अडसर सुटतो, चाक एक घर पुढे सरकतं आणि पुन्हा अडतं. अडणं, सुटणं, अडणं. मनगटावरच्या यांत्रिक घड्याळात सेकंदाला अनेकदा हेच होतं, पण इतकं बारीक की डोळ्याला पकडता येत नाही. इथे ते माणसापेक्षा मोठ्या चाकावर समोर घडतं. घड्याळातलं झुलतं चाक (बॅलन्स व्हील) आणि त्याला जोडलेली अडवून सोडणारी यंत्रणा (एस्केपमेंट) काय करतात, हे मी मुलांना कितीही चित्रं काढून समजावलं असतं, तरी या चाकासमोर पाच मिनिटं उभं राहण्याची सर त्याला आली नसती.

आत टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने घड्याळ जुळवता येतं. सोप्या क्वार्ट्झपासून यांत्रिक घड्याळापर्यंत वेगवेगळे प्रकार असतात. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि काटा बसवताना श्वास रोखलेला. जुळवलेलं घड्याळ घरी नेता येतं. यांत्रिक प्रकारासाठी आधी नोंदणी करूनच जा, आणि सुट्टीचा वार संकेतस्थळावर पाहूनच तारीख ठरवा. बाकी सहल या एका वेळेभोवती बांधा.

तळं बघायचं तर हाकोनेच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. हाकोनेला चांगला दिवस मिळाला तर तळ्यामागे फुजी दिसतो, ते दृश्य सुंदरच. सुवाचं तळं उथळ आहे, घेर जेमतेम सोळा किलोमीटर. पण समुद्रसपाटीपासून ७५९ मीटरवर असल्यामुळे कडाक्याच्या हिवाळ्यात ते पूर्ण गोठतं, आणि बर्फ तडकून त्याची लांबच लांब उंच कड उठते. तिला ओमिवातारी म्हणतात, देव तळं ओलांडून गेल्याची वाट. ती कधी उठली, कुठून कुठे गेली, याची नोंद इथे १४४३ पासून ठेवली जाते. यात्सुरुगी देवस्थानाचे पुजारी आजही पहाटे जाऊन बर्फ तपासतात. हवा तापत चालल्यामुळे हल्ली ती बहुतेक वर्षी उठतच नाही, आणि नाही उठली हेही लिहिलं जातं. जिथे माणसं जवळजवळ सहा शतकं काळाची अशी नोंद करत आलीत, त्या गावाला मी घड्याळांचं गाव म्हणतो ते केवळ कारखान्यामुळे नाही. ग्रँड सीकोच्या एका तबकडीवर याच ओमिवातारीचा पोत आहे. त्या घड्याळाचं स्प्रिंग ड्राइव्ह यंत्रही इथलंच. योशिकाझू आकाहाने या सुवाच्या अभियंत्याला त्याची कल्पना १९७७ मध्ये सुचली, आणि घड्याळ बाजारात आलं १९९९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. चावीच्या स्प्रिंगवर चालतं, बॅटरी नाही, तरी क्वार्ट्झ त्याला ताळ्यावर ठेवतो. सेकंदकाटा टिकटिक न करता सलग सरकत राहतो.

वाटेचा हिशेब स्पष्ट सांगतो. तोक्यो ते क्योतो शिंकानसेनने सव्वादोन तास. सुवामार्गे गेलात तर शिंजुकुहून अझुसा गाडीने कामिसुवा सव्वादोन तासांच्या आसपास, आणि तिथून शिओजिरी, नागोया असं बदलत क्योतो आणखी चारेक तास. म्हणजे प्रवास जवळजवळ चार तासांनी वाढतो, आणि एक मुक्काम. पण परत तोक्योला यावं लागत नाही. तोक्यो ते क्योतो असं सुवावरून जाणाऱ्या चुओ रेल्वेमार्गाचं एकच मूळ तिकीट काढलंत तर वाटेत उतरता येतं, फक्त जलद गाडीचा अधिभार प्रत्येक टप्प्याला वेगळा. अझुसात सगळ्या जागा आरक्षित असतात, तेवढं विसरू नका. २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या रेल्वेच्या जेआर पासची किंमत इतकी वाढली की एवढ्यासाठी तो घ्यायची गरज नाही.

घरच्यांचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ज्याला घड्याळात रस नाही त्याला दिवसभर भिंगामागे बसवू नका. पैठणीची आवड असलेल्या आईला ओकायाच्या रेशीम संग्रहालयात न्या. तिथे आजही चालती गिरणी आहे, कोषातून धागा निघताना डोळ्यांसमोर दिसतो. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर काताकुरा-कान हे रेशीम घराण्याने १९२८ मध्ये बांधलेलं गरम पाण्याचं स्नानगृह आहे. कुंड एक मीटरहून खोल, उभ्याने उतरायचं, तळाला गोटे. कामिसुवाच्या तर फलाटावरच पाय सोडून बसायला गरम पाण्याचं कुंड आहे. घेणाऱ्यांसाठी जुन्या कोशू रस्त्यावर साके या तांदळाच्या दारूच्या पाच भट्ट्या एकमेकींच्या शेजारी आहेत. शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवा की सोबा नूडल्सबरोबरच्या रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो. भाजीचं सारण भरलेल्या ओयाकी नावाच्या जाड पोळ्या विचारून घ्या, आणि पिशवीत दशम्या असू द्या.

तुम्ही ऑगस्टात जाणार असं लिहिलंय, म्हणून एक सूचना. १५ ऑगस्टला सुवाच्या तळ्यावर आतषबाजी असते, जपानातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक, आणि त्याच दिवसांत ओबोन या पितरांच्या सणाची सुट्टी. खोल्या महिनोनमहिने आधी भरतात, गाड्या खच्चून भरतात. आतषबाजीच बघायची असेल तर आत्ताच खोली शोधायला लागा. घड्याळासाठी जायचं असेल तर ओबोन उलटून गेल्यावरचा आठवड्यातला एखादा साधा वार धरा.