काकूंची पैठणी आणि माझा कॅमेरा

घरात कुणाकडे बरा कॅमेरा असला की तो कार्यात पाहुणा म्हणून जेवू शकत नाही. कर्वे रोडच्या कार्यालयात पुतण्याची मुंज होती. मातृभोजन आटोपायच्या आतच "फोटो कधी देणार?" सुरू झालं. "एडिटिंग बाकी आहे," म्हणालो, तर सदाशिव पेठेतल्या काकांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली.

"एवढा महागाचा कॅमेरा, मग वर रंगरंगोटी कशाला? आमच्या वेळी रोल धुऊन आणला की संपलं!"

संपत नव्हतं. स्टुडिओतला माणूस निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून नवरदेवाच्या मुरमांचे डाग घालवायचा. फक्त काकांना विचारायचा नाही.

आता कॅमेराही विचारत नाही. फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग कळतो: निम्म्यांना हिरवा, पाव हिश्श्याला लाल, उरलेल्यांना निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळालं. बाकीचे दोन रंग शेजारीपाजारी चौकशी करून अंदाजाने भरायचे, म्हणजे पेठेतलीच पद्धत. मग कॅमेरा आपल्या मनाने कडा धारदार करतो, रंग चढवतो आणि जेपेग, म्हणजे नेहमीची तयार फोटो-फाइल, हातात ठेवतो. सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये एकेका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. बटूच्या ताज्या गोट्यावर हॅलोजनचा झोत पडला होता. जेपेगमध्ये तिथे नुसता पांढरा ठिपका. रॉमध्ये टाळू शाबूत सापडली.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे तू त्याचे केस परत लावलेस?"

काका परवडले. काकूंचा फोन आला, "माझी पैठणी मोरपंखी आहे. तू ती शेवाळी केलीस."

कार्यालयात एकीकडे पिवळे दिवे, दुसरीकडे पांढरे एलईडी आणि स्टेजवर जांभळा झोत. त्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं असा रंगांचा मेळ, जमवताना माझी रात्र गेली होती. लॅपटॉप घेऊन पेठेत गेलो. काकूंनी कपाटातून पैठणी काढली. ट्यूबखाली ती निळी दिसली, गॅलरीत हिरवी. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, त्यामुळे पदर हलला की रंगही हलायचा. सून म्हणाली बॉटल ग्रीन. काका म्हणाले, "मला राखाडी दिसते," आणि त्यांना आत पाठवण्यात आलं. अखेर लक्ष्मी रोडच्या दुकानाचं बिल शोधलं. त्यावर होतं: सिल्क साडी, नग १.

मग काकूंचा फोन हातात घेतला. डोळ्यांना त्रास नको म्हणून नातवाने स्क्रीन पिवळट करून ठेवली होती. ती सेटिंग बंद केली आणि पैठणी लख्ख मोरपंखी झाली.

"अगंबाई, हीच ती!" काकू खूश. मग फोन जरा लांब धरून म्हणाल्या, "पण आता डोळ्यांवर येतंय रे. ते पहिल्यासारखं पिवळं करून दे, आणि साडीचं काय ते तू तुझ्या कॅमेऱ्यात बघ."