बखर खोटी आणि साहेब खरा?

भाचीचा तपासलेला पेपर आज पाहिला आणि डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. एसवायबीएला इतिहास घेतलाय तिने. प्रश्न : शिवराज्याभिषेकाची माहिती देणारं अधिक विश्वसनीय साधन कोणतं, सभासद बखर की इंग्रज दूत हेन्री ऑक्झेंडनची रोजनिशी? उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बखरीत अतिशयोक्ती, साहेब तटस्थ. घ्या पाच मार्क.

पोरीने काय केलं? हिशेब मांडला. ऑक्झेंडन म्हणतो, महाराजांची सुवर्णतुला सुमारे 16,000 होनांची झाली. होन म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं, ते साधारण 3.4 ग्रॅमचं धरलं तर 54 किलो. माणसाचं वजन झालं, आकडा पटतो. बखरकार सभासद राज्याभिषेकाचा खर्च सांगतो 1 कोटी 42 लाख होन. म्हणजे 48 टन सोनं! नाही पटत.

इथवर सरांच्याच मनासारखं होतं की. पण पुढे तिने लिहिलं, खर्चाचा आकडा फुगला म्हणून अख्खा सभासद केरात टाकू नका. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत हे बरोबरीचे तिघे अधिकारी, एकाच्या हाती किल्ला नाही, हे महाराजांच्या चाकरीतला माणूस सांगणार की चार दिवसांचा पाहुणा? आणि तो पाहुणा 1674 साली रायगडावर हवा खायला आला नव्हता. महाराजांनी लुटलेल्या इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीची भरपाई हवी होती त्याला, व्यापाराच्या सवलती हव्या होत्या. कसला तटस्थ!

मार्क दोन. हिशेबावर लाल काट, समासात 'विषयांतर'.

विषयांतर?? अहो, विषयच तो होता!

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनीही बखरींना झोडपलं, माहितीये मला. पण 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या 1898 च्या पहिल्या खंडात त्यांनी आधी पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं पुढे ठेवली, बखरी त्यांच्याशी ताडल्या आणि मग झोडपलं. गाइडमधली ओळ वाचून नाही.

बरं, सरांपुढे गठ्ठा असतो, एकेका उत्तराला मिनिटभरही मिळत नसेल, मान्य. पण त्या मिनिटात काट मारायला वेळ मिळालाच ना?

मघाशी तिला विचारलं, 54 किलोचं सुचलं कसं गं? म्हणाली, "मावशी, परीक्षेत वेळ उरला होता, म्हटलं करून बघू." इतकं बरं वाटलं ऐकून! सरांशी मी बोलते म्हटलं, तर हातच जोडले. पुढच्या सेमिस्टरचे इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत म्हणे.